इंदूरमध्ये राहून एक्स-रे टेक्नॉलॉजिस्ट व्हायचंय? मग हे आधी वाचा

बारावीचे निकाल लागले की आमच्या लोकमान्य नगरातून दोन-तीन आयांचे तरी फोन येतातच. मुलाला बायो होतं, नीटमध्ये मार्क कमी पडले, तो एक्स-रेचा कोर्स कसा असतो गं, लवकर नोकरी लागते म्हणे. मी अठरा वर्षं हेच काम करतेय, आधी फिल्म आणि डार्करूम, मग सीआर म्हणजे प्लेट कॉम्प्युटरवर वाचायची, आता डीआर म्हणजे इमेज थेट स्क्रीनवर, आणि दरवर्षी तेच सगळं फोनवर सांगते, तर यावेळी म्हटलं एकदाचं नीट लिहूनच काढू म्हणजे ज्याला हवं त्याला पाठवता येईल.

फॉर्म भरायच्या आधी एक करा. सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास एमवायला, म्हणजे आपल्या सरकारी महाराजा यशवंतराव हॉस्पिटलला जा, किंवा कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलला, आणि एक्स-रे विभागाच्या बाहेरच्या बाकावर तासभर नुसते बसा. धारहून, झाबुआहून, खरगोनहून रात्रीच्या बसनं निघालेले लोक हातात पर्चा घेऊन उभे असतात, कोणी स्ट्रेचरवर कण्हत असतं, कोणाचं मूल रडून रडून निळं झालेलं असतं, आणि आतून एक माणूस दर तीन-चार मिनिटांनी नाव पुकारत असतो. ते नाव पुकारणारा माणूस म्हणजे तुम्ही. दिवसभर उभं राहणं, जड पेशंट उचलून टेबलवर घेणं, रक्त, उलटी, वास, रंगपंचमीच्या गेरच्या मिरवणुकीच्या दिवशी आणि अनंत चतुर्दशीच्या झांकीच्या रात्री ड्युटी. हे बघून पण वाटलं की आपल्याला जमेल, तर पुढचं वाचा.

कोर्स कोणता

बारावी सायन्स हवं, फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजी घेऊन. मग दोन रस्ते आहेत. डिप्लोमा साधारण दोन वर्षांचा, आणि डिग्री म्हणजे बी.एससी.वाली, तीन वर्षं आणि वर इंटर्नशिप. घरची परिस्थिती असेल तर माझं मत सरळ डिग्रीकडे आहे, कारण पुढे सीटी, एमआरआय, एम.एससी., शिकवण्याची लाइन, सगळीकडे डिग्री विचारतात. पण डिप्लोमा करून नोकरी धरून नंतर पुढे शिकलेले पण माझ्यासोबत आहेत आणि हातानं ते कुणापेक्षा कमी नाहीत, तेव्हा पैशाची अडचण असेल तर डिप्लोमा घ्यायला अजिबात कमीपणा मानू नका.

सहा महिन्यांत सर्टिफिकेट देतो म्हणणाऱ्यांकडे मात्र जाऊ नका. 2021 साली संसदेनं आपल्या क्षेत्राचा कायदाच केलाय, अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा, त्यात रेडिओलॉजी इमेजिंगवाले पण येतात, आणि त्यात स्पष्ट आहे की शिक्षण कमीत कमी 2000 तासांचं आणि दोन वर्षांचं तरी पाहिजे, वरच्या दर्जाच्या डिग्रीला 3600 तास आणि तीन वर्षं. आता सहा महिन्यांत 2000 तास कसे बसवणार, तुम्हीच हिशोब करा. असे कागद घेऊन आलेली पोरं मी बघितलीत, गावाकडच्या एखाद्या सेंटरवर तीन-चार वर्षं कमी पगारात राबतात आणि सरकारी फॉर्म निघाला की कळतं की आपण पात्रच नाही. आईबापाचे पैसे जातात ते जातात, पोराची वर्षं जातात.

कॉलेज बघताना बिल्डिंग बघू नका, पेशंट बघा

मला सगळ्यात जास्त जर काही सांगायचं असेल तर हेच. हे काम पुस्तकातून येत नाही, हातातून येतं, आणि हाताला पेशंट लागतात. काचेची बिल्डिंग, एसी क्लासरूम, ब्लेझरचा युनिफॉर्म, याचा काही उपयोग नाही जर कॉलेजला स्वतःचं चालतं हॉस्पिटल नसेल. म्हणून ॲडमिशनच्या आधी कॉलेजात जाऊन, आईबाबांना घेऊन जा, तोंडावर विचारा. हॉस्पिटल स्वतःचं आहे का? रोज किती एक्स-रे होतात? एका मशीनमागे किती विद्यार्थी? कॅज्युअल्टी, वॉर्डातलं पोर्टेबल, ओटीमधलं सी-आर्म म्हणजे ऑपरेशन चालू असताना वापरायचं एक्स-रे मशीन, सीटी, या सगळ्यांत पाळी लागते का, की दोन वर्षं एकाच खोलीत? विद्यार्थ्यांना टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर किती किरण पडले ते मोजणारा बिल्ला, मिळतो का? या शेवटच्या प्रश्नाला समोरचा माणूस गोंधळला तर समजून जा. आणि शक्य असेल तर ऑफिसमधून बाहेर पडून सेकंड इयरच्या एखाद्या मुलाला गाठा, चहा पाजा, तो पाच मिनिटांत सगळं खरं सांगेल.

मान्यता पण बघायची. आपल्याकडे भोपाळला मध्य प्रदेशची पॅरामेडिकल काउन्सिल आहे. नुसतं कॉलेज मान्यताप्राप्त आहे एवढं पुरत नाही, तुमचा कोर्स, आणि ज्या वर्षी तुम्ही ॲडमिशन घेताय ते वर्ष, दोन्ही मान्यतेत असलं पाहिजे. माहितीपत्रकावर विश्वास नको, काउन्सिलच्या यादीत स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आपल्यातले पुष्कळ जण पुण्याला किंवा नागपूरला मामा-काकांकडे राहून शिकायचा विचार करतात, चांगलंय, पण परत इंदूरला येऊन नोकरी करायची असेल तर तिकडच्या कोर्सवर इकडे रजिस्ट्रेशन कसं होतं ते ॲडमिशनच्या आधीच विचारून घ्या.

मी जिथे शिकले तिथलं मशीन पहिल्या वर्षी कितीतरी महिने बंद होतं. आम्ही चौघी मैत्रिणी मग बंद मशीनवरच एकमेकींना उभं करायचो, हात कुठे, हनुवटी कुठे, खांदा कसा फिरवायचा, ट्यूबचा प्रकाश नेमका कुठे पडला पाहिजे, रोज एक तास. राग यायचा तेव्हा, फी भरलेली असायची ना, पण तो एक तास आयुष्यभर कामी आला. तुमचं मशीन चालू असलं तरी हे करा. फक्त एक लक्षात ठेवा, सरावासाठी एकमेकांवर एक्सपोजर कधीही द्यायचं नाही, एकदा सुद्धा नाही, डॉक्टरच्या पर्च्याशिवाय किरण कुणाच्याही अंगावर सोडायचे नाहीत.

फिजिक्सला घाबरू नका, तीनच गोष्टी धरा

पहिल्या वर्षी ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, फिजिक्स, पोझिशनिंग, पेशंट केअर असं सगळं असतं. ॲनाटॉमी पाठ करून येत नाही, हाडं हातात घेऊन या. मनगटाची आठ हाडं नावानिशी बोटावर आली पाहिजेत, संक्रांतीला पतंग उडवताना गच्चीवरून पडलेली पोरं हात धरून येतात तेव्हा नेमकं कुठल्या हाडासाठी कुठला व्ह्यू घ्यायचा ते तिथल्या तिथे आठवावं लागतं.

फिजिक्समध्ये मुलं केव्हीपी आणि एमएएसवर अडकतात. केव्हीपी म्हणजे किरणांचा जोर, ते किती आत घुसणार. एमएएस म्हणजे किरण किती सोडले. केव्हीपी 15 टक्के वाढवला की फिल्मवर एमएएस दुप्पट केल्यासारखा परिणाम होतो, म्हणजे 70 केव्हीपी आणि 20 एमएएसवर जो एक्स-रे येतो तसाच काळेपणा 80 आणि 10 वर येतो, आणि पेशंटला डोस कमी बसतो, फक्त काळ्यापांढऱ्यातला फरक थोडा कमी होतो. हे एक जरी वहीत लिहून रोज वापरलंत तरी कुठल्या एक्स-रेला किती द्यायचं त्याचा अर्धा तक्ता आपोआप समजतो. तिसरी गोष्ट अंतर. अंतर दुप्पट केलं की किरण चौथाई होतात. परीक्षेत हा एक मार्काचा प्रश्न असतो, पण वॉर्डात पोर्टेबल मशीनपाशी एका मीटरवर उभं राहायचं की दोन मीटरवर, हे तो ठरवतो.

छातीचा एक्स-रे, सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त बिघडणारा

दिवसातले सगळ्यात जास्त एक्स-रे छातीचेच असतात, म्हणून नवीन पोरांना पहिल्या आठवड्यात तिथेच उभं करतात. पेशंट स्टँडकडे तोंड करून, ट्यूब पाठीमागे, अंतर सहा फूट म्हणजे 180 सेंटिमीटर. पाठीमागून का, तर हृदय छातीच्या पुढच्या बाजूला असतं, ते प्लेटच्या जवळ राहिलं की उगीच मोठं दिसत नाही. हनुवटी वर. हात कमरेवर उलटे, आणि कोपरं पुढे ढकलायची, म्हणजे पाठीची फरी फुफ्फुसावरून बाजूला सरकते. खांदे खाली, सैल. मग पूर्ण श्वास, आणि रोखून धरायचा. चांगल्या श्वासाचा एक्स-रे असला की मागच्या दहा फासळ्या मोजता येतात, तुम्ही प्रत्येक वेळी मोजा, सवय लागली पाहिजे.

आता खरी मेहनत इथे आहे. तुमच्यासमोर बडवानीची आजी आहे, तिला हिंदी पण जेमतेम समजतं, ती घाबरलेली आहे, आणि तुम्ही लांब काचेमागून ओरडताय, सांस रोको. ती काय करणार, ती श्वास सोडून देते. मी काय करते, मशीन सेट झालं की आधी तिच्या शेजारी उभी राहते, स्वतः मोठा श्वास घेऊन दाखवते, खांदे वर न नेता, तिच्याकडून दोनदा करून घेते, मगच काचेमागे जाते. यात अर्धा मिनिट जातो. बाहेर लाइन असते, लोक दार वाजवतात, सीनियर चिडतात, तरी तो अर्धा मिनिट द्यायचाच, कारण बिघडलेला एक्स-रे परत घ्यायला पाच मिनिटं लागतात आणि त्या आजीच्या अंगातून किरण दोनदा जातात. निमाडी-मालवी चार शब्द शिकून घ्या, फार उपयोग होतो.

आणि अंगावरच्या वस्तू. जगात माणसाचा पहिला एक्स-रे रोंटगेननं 22 डिसेंबर 1895 ला आपल्या बायकोच्या हाताचा काढला आणि त्यात तिच्या बोटातली अंगठी ठळक दिसते, तेव्हापासून हा प्रश्न आहेच. छातीला हूक, चेन, ताईत, सेफ्टी पिन. कमरेच्या एक्स-रेला चांदीचा करदोटा. मानेला कानातले आणि केसांतल्या पिना. मंगळसूत्र काढायला पुष्कळ बायका तयार नसतात, त्यांच्यावर ओरडायचं नाही, मी त्यांना ते वर ओढून दातांत धरायला सांगते, छातीवरून बाजूला झालं म्हणजे आपलं काम झालं. पुरुष टेक्नॉलॉजिस्ट असेल तर सोबतच्या बाईला आत बोलवायचं, गाऊन द्यायचा, दार बंद करायचं, कपड्यांबद्दल बोलताना आवाज हळू.

केसांचं मला कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्या नोकरीत एक बाई आल्या, खूप जाड वेणी, ओली, तेल लावून घट्ट घातलेली, मी सगळं काढायला लावलं पण वेणी तशीच पाठीवर राहिली. एक्स-रेत उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला सावली आली. वरच्या टोकाला सावली म्हटलं की डॉक्टरच्या मनात पहिली टीबी येते. त्यांना परत बोलावलं, त्या खरगोनकडच्या, मजुरीचा दिवस बुडवून, तान्हं मूल काखेत घेऊन आल्या, वेणी डोक्यावर बांधून एक्स-रे काढला तर फुफ्फुस स्वच्छ. मधले चार दिवस त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी काय काढले असतील ते मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं. तेव्हापासून माझ्या टेबलावर रबरबँडचा डबा असतो. तुम्ही पण पहिल्या दिवसापासून ठेवा.

डिजिटलमुळे आलेली एक वाईट सवय

फिल्मच्या काळात एक्सपोजर जास्त झालं की फिल्म काळी पडायची, चूक लगेच दिसायची. आता डिजिटलमध्ये जास्त दिलं तरी कॉम्प्युटर इमेज सुंदर करून देतो, उलट कमी दिलं तर दाणेदार येते आणि ओरडा बसतो, मग पोरं हळूहळू सगळ्यांनाच जास्त द्यायला लागतात. पेशंटच्या बाजूनं कुणी बोलणारं नसतं तिथे. स्क्रीनवर प्रत्येक इमेजसोबत एक्सपोजर इंडेक्सचा, म्हणजे प्लेटवर किती किरण पोचले त्याचा आकडा येतो, तुमच्या मशीनला तो किती असावा ते कंपनीच्या इंजिनिअरला विचारून भिंतीवर लिहून ठेवा आणि रोज बघा. तसंच कोलिमेशन. मनगटाचा एक्स-रे आहे तर प्रकाशाची चौकट मनगटाएवढीच ठेवायची, अख्ख्या हातावर किरण सोडून नंतर कॉम्प्युटरवर कापून टाकणं म्हणजे काम नीट केलं असं नाही.

रेडिएशनची भीती

मुलीच्या आईचा ठरलेला प्रश्न असतो, पुढे मूलबाळ होताना काही त्रास नाही ना होणार? मला दोन मुलं आहेत, दोन्ही वेळा कामावर होते, पण माझ्या उदाहरणावर नको, नियम समजून घ्या.

आपल्याकडे हे सगळं एईआरबी म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ बघतं, 1983 पासून. काम करणाऱ्यासाठी मर्यादा वर्षाला सरासरी 20 मिलिसिव्हर्ट (अंगाला बसणाऱ्या डोसचं माप), पाच वर्षांच्या सरासरीनं, आणि कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर नाही. नीट काम करणाऱ्या एक्स-रेवाल्याचा डोस याच्या खूप खाली राहतो. दिवस गेले की लगेच लेखी कळवायचं, लाजून लपवायचं नाही, मग पोटातल्या बाळासाठी मर्यादा 1 मिलिसिव्हर्टवर येते आणि कामाची जागा त्याप्रमाणे बदलून घेता येते.

पण हे सगळं कधी, तर तुम्ही नियम पाळलेत तर. टीएलडी बॅज छातीवर लावायचा, लेड ॲप्रन घातला असेल तर त्याच्या आत. दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो. रात्री तो एक्स-रे रूममध्ये ॲप्रनला लटकवून घरी जायचं नाही, नाहीतर खोलीतला सगळा डोस तुमच्या नावावर चढतो आणि चौकशीला उत्तर देत बसावं लागतं. ॲप्रनची घडी घालायची नाही, आत शिसं तडकतं, हँगरलाच लावायचा. पेशंटला, विशेषतः लहान मुलाला धरायला स्वतः उभं राहू नका, वडिलांना ॲप्रन घालून उभं करा, तुम्ही रोज धरलंत तर रोजचा डोस तुमचा. आणि बाई पेशंट असेल, पोटाचा किंवा कमरेचा एक्स-रे असेल, तर शेवटची पाळी कधी आली होती हे सासू-नवऱ्यासमोर नाही, बाजूला घेऊन विचारा.

हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस कोर्सच्या सुरुवातीलाच घ्या, पहिला आज, दुसरा महिन्यानं, तिसरा सहा महिन्यांनी.

जे आपलं काम नाही

पेशंटचा नातेवाईक हळूच विचारतो, मॅडम टूटा है क्या? दिसतं हो आपल्याला, रोज बघतो, पण सांगायचं नाही. रिपोर्ट रेडिओलॉजिस्टचा. फक्त एखाद्या एक्स-रेत काही गंभीर वाटलं, छातीत एका बाजूला हवा भरलेली दिसली, तर पेशंटला बाहेर पाठवून गप्प बसायचं नाही, त्याच क्षणी डॉक्टरला फोन करायचा.

दुसरं, सोनोग्राफी. छोट्या सेंटरवर मालक म्हणतो, शिकून घे, दोन पैसे जास्त देतो. नाही म्हणा. 1994 च्या पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणाऱ्या कायद्याप्रमाणे सोनोग्राफी पात्र डॉक्टरांनीच करायची, त्यात तुम्ही अडकलात तर मालक हात वर करतो.

कोर्स संपल्यावर

रिझल्ट आला की पहिलं काम काउन्सिलचं रजिस्ट्रेशन, दुसरं सगळं नंतर. मूळ मार्कशीट, इंटर्नशिपचं पत्र, यांच्या स्कॅन कॉपी मोबाइलमध्ये आणि आईच्या मोबाइलमध्ये पण ठेवा. सरकारी नोकरीसाठी आपल्या राज्यात ईएसबीची, म्हणजे राज्याच्या कर्मचारी निवड मंडळाची, ग्रुप-5 ची परीक्षा असते, रेल्वेच्या पॅरामेडिकल भरतीत रेडिओग्राफरची पोस्ट येते, एम्सच्या जाहिराती येतात, फॉर्म भरत राहा. जाहिराती रोज निघत नाहीत, तोवर प्रायव्हेटमध्ये काम करा, आणि पहिल्या नोकरीत हजार-दोन हजार कमी मिळाले तरी चालतील पण जिथे केस जास्त आणि सीनियर शिकवणारे, तिथे जा. दोन वर्षांनी तुमचा हात बघून पुढचं हॉस्पिटल पगार ठरवतं.

नंतर सीटी, मॅमोग्राफी, कॅथलॅब, एमआरआय, जिकडे आवड तिकडे. एमआरआयमध्ये एक्स-रे किरण नसतात, पण चुंबक चोवीस तास चालू असतं, मशीन बंद दिसलं तरी, त्यामुळे ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन धावत येणाऱ्या वॉर्डबॉयला दारातच अडवणं हे तिथलं पहिलं काम. आरएसओची परीक्षा देऊन रेडिएशन सेफ्टी ऑफिसर पण होता येतं, डिपार्टमेंटमध्ये मान वाढतो.

पहिल्या दिवशी खिशात काय

काळं मार्कर पेन. छोटी डायरी, ज्यात प्रत्येक व्ह्यूसमोर तुमच्या मशीनचा केव्हीपी, एमएएस, अंतर लिहायचं, जाड पेशंट आणि लहान मूल वेगळं. रबरबँड. मेडिकल टेप. रुमाल, कारण रडणाऱ्या मुलाचं नाक पुसायला लागतं. आणि उजवी-डावी बाजू दाखवणारे शिशाचे आर आणि एल, शक्य असेल तर तुमच्या नावाची अक्षरं घातलेले स्वतःचे बनवून घ्या, कॉम्प्युटरवर नंतर टाईप केलेल्या आर-एलवर अवलंबून राहू नका, पेशंट समोर उभा असतानाच प्लेटवर लावा. सकाळी लवकर पोचा, मशीनची ट्यूब गरम करायची एक्सपोजर सीनियर कशी देतात ते बघा, स्टँड पुसून घ्या, मग पहिलं नाव पुकारा. पूर्ण नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, आणि कुठला हात दुखतोय ते पेशंटच्याच तोंडून ऐका, पर्च्यावर काय लिहिलंय ते त्यानंतर.